घरट्यांभोवतीची फक्की

४ मे, सोमवार. सांगली

वस्तुस्थिती क्रमाने नोंदवते. पुढे कुणी 'असे घडलेच नाही' म्हणू नये.

एक : हिवाळी पाहुणे पक्षी परतले आणि आमच्या पक्षीमंडळाचा उत्साहही त्यांच्याबरोबर उडाला. निम्मे सभासद कोकणात. किनाऱ्यावरून कळवतात, 'कुरव गेले, तुतवार गेले, आंबा मात्र उत्तम.'

दोन : कृष्णेचे पाणी उतरून वळणावरचे वाळूचे बेट उघडे पडले. तिथे नदी सुरय या पक्ष्यांची वसाहत. काळी टोपी, पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी. घरटे कसले, पोटाने दाबलेला खळगा. अंडी वाळूच्याच रंगाची, म्हणून टिकतात.

तीन : ही जागा मी फक्त अध्यक्ष सुभाषरावांना सांगितली. अट स्पष्ट होती. काठावरून, दुर्बिणीतून. बेटावर पाऊल नाही.

चार : आज सकाळी पाहते तो घरट्यांभोवती पांढरीशुभ्र वर्तुळे. कबड्डीच्या मैदानावर मारतात ती फक्की!

बेटावर कोण गेले, हे शोधावे लागले नाही. मंडळाच्या ग्रुपवर सुभाषरावांचे छायाचित्र आहे. हातात घमेले, चेहऱ्यावर कर्तव्यपूर्ती.

होडीवाला दत्तू शेजारी येऊन उभा राहिला. "आवं मॅडम, लगीन कुणाचं हाय हितं? रांगोळी लय भारी काढलीया."

हसले नाही.

५ मे, मंगळवार

सुभाषरावांना फोन. खेद नाही, उलट अभिमान.

"मॅडम, म्हसरं उतरत्यात बेटावर. अंडी तुडवली असती तर तुमीच बोलला असता. आता राखण केली, तर त्यातबी चूक?"

"म्हशीला फक्कीचा अर्थ कळतो का?"

"म्हशीला न्हाई, म्हशीवाल्याला तर कळतोय न्हवं?"

उत्तर हजरजबाबी होते, हे मान्य. पण कावळ्यांचे काय? ते झाडावर बसून माणूस कुठे थांबतो, कुठे वाकतो, हेच पाहत असतात. आपण प्रत्येक घरट्यापाशी वाकलात आणि वर खूणही करून ठेवलीत.

"कावळ्याला काय कळतंय फक्कीतलं! मॅडम, तुमी कायम परीक्षक आन् आमी कायम नापास."

आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले. कावळ्याला काय कळते हे पक्षीमंडळाच्या अध्यक्षाला समजावून सांगावे लागावे, ही...

असो. संताप आवरून लिहिणे जमत नाही आज.

७ मे, गुरुवार

कावळ्याला कळले.

काठावरून पाहिले. एक कावळा सुरयांना अंगावर घेऊन लांब नेतो. दुसरा वर्तुळातून वर्तुळात चालत जातो, जेवणावळीत पान शोधावे तसा, सावकाश. सुरय किंचाळत त्याच्या डोक्यावर झेपावतात. तो मान खाली घालतो आणि पुढचे वर्तुळ गाठतो.

आखलेली घरटी संपली. बेटाच्या खालच्या टोकाची तेवढी शाबूत आहेत. तिथवर फक्की पुरली नव्हती, एवढेच त्यांचे पुण्य.

हे सगळे सविस्तर ग्रुपवर लिहिले. खाली दोन हात जोडलेले आले, एक फूल आले. आणि लगेच सुभाषरावांची सूचना : 'रविवारी घरटी-दर्शन. मलकापूर व पाटणचे पक्षीमित्र येत आहेत. राहिलेल्या घरट्यांनाही त्याच वेळी खुणा करू.'

राहिलेल्या घरट्यांनाही!

माझा मजकूर वाचलाच नाही, की वाचून हे लिहिले? यातले अधिक वाईट कोणते, ठरवता येत नाही.

८ मे, शुक्रवार

आपणच जाऊन खालच्या टोकाला सुक्या काटेरी फांद्या रोवाव्यात, निदान माणसे तरी थांबतील, असे ठरवून दत्तूच्या होडीत बसले. ऊन तापलेले. होडी जवळ जाताच सगळे सुरय उठले. एक मादी काठच्या पाण्यात पोट भिजवून परत येत होती, अंड्यांना गारवा द्यायला. ती उतरेना. घिरट्याच घालत राहिली. खाली अंडी उघडी, भाजत.

"फिरव."

"आता निम्म्यात आलोय, उतरा की."

"फिरव म्हणते ना!"

"जाताना घाई, येतानाबी घाई. माज्या होडीनं काय घोडं मारलंय तुमचं?" दत्तू कुरकुरला, पण वल्हे उलटे मारले. आम्ही मागे सरकलो तेव्हा ती उतरली.

म्हणजे माझेही पाऊल तिथे नको. मग उपाय एकच, रविवार रद्द.

पुन्हा फोन. आवाज या वेळी नरम. "मॅडम, पाव्हणे बोलावल्यात. गाडी ठरलीया, नाष्टा ठरलाय. आता न्हाई कसं म्हणू? लोक काय म्हणतील मंडळाला?"

लोक काय म्हणतील! सुरय काय म्हणतात ते मी काल दिवसभर ऐकले आहे.

९ मे, शनिवार

सुभाषरावांच्या घरी सकाळी पोहोचवलेला मजकूर, जसाच्या तसा :

'अध्यक्ष महाशय, आपला हेतू वाईट होता असे माझे म्हणणे नाही. परिणाम वाईट झाला, आणि तो आपणांस कळवूनही आपण तोच उद्या पुन्हा घडवणार आहात. पाहुण्यांना काठावरून, माझ्या दुर्बिणीतून, मी स्वतः पक्षी दाखवीन. नाष्टाही वाया जाणार नाही. परंतु उद्या बेटावर कुणी उतरणार की नाही, याचे उत्तर आज सूर्यास्तापूर्वी मला लेखी द्यावे. फोन नको. अंगठ्याचे चित्र नको. पूर्ण वाक्य, आणि खाली सही.'