भुवईवर ताबा

४ फेब्रुवारी
दादाने नोटीस पाठवली! सख्ख्या बहिणीला, वकिलामार्फत. त्याच्या कारखान्यात कपबशांची झिलई थंड करण्याची जी रीत आहे ती ‘व्यापारी गुपित’ असून मी ती नव्या नोकरीत वापरू नये, उच्चारू नये, सूचितही करू नये. ती रीत शोधली कोणी? मी! डॉक्टरेट माझी, भाजलेली बोटे माझी — आणि गुपित दादाचे.

६ फेब्रुवारी
वकीलबाई हुशार आहेत; टेबलावर मात्र धूळ. त्यांचे म्हणणे — शोध मी लावला तरी पगार घेऊन, करारावर सही करून लावला. म्हणून तो कंपनीचा. कौशल्य आणि अनुभव तेवढे माझे.
“कौशल्य कुठे संपतं आणि गुपित कुठे सुरू होतं?”
“त्याच फटीत तर आमची पोटं भरतात!”
मग खरा प्रश्न. “नुसतं ‘गुपित’ म्हणून भागत नाही, ते जपावंही लागतं. तुमच्या दादांनी कुठे ढिलाई केली असेल, तर आपल्याला वाट आहे. आठवा.”
मी सांगत गेले. पोत्यांवर नावे नाहीत, फक्त खुणा. मिश्रण एका खोलीत, भट्टी दुसऱ्या. इकडच्याला तिकडचे ठाऊक नाही. पाहुण्यांना भट्टीचे दर्शन नाही. प्रत्येकाची लेखी हमी.
“इतकी चोख व्यवस्था लावली कुणी हो?”
“मी.”
त्यांनी पेनाला टोपण लावले.

११ फेब्रुवारी
इथे नव्या कारखान्यात कपांच्या झिलईवर केसासारखे तडे जातात. उपाय मला ठाऊक आहे. या पानावरही लिहिणार नाही!
वकीलबाईंचा सल्ला असा — इथल्या लोकांनी स्वतःच्या बुद्धीने रीत शोधली, तर कायद्याची हरकत नाही. पण मी खोलीत असले तर ती त्यांची बुद्धी, हे कोण मानणार? तेव्हा बाहेर जायचे.
आज बैठकीत मालक म्हणाले, “मॅडम, थंड करायचा विषय आला. या तुम्ही.” मी, मुख्य संशोधक, पाण्याच्या यंत्राशेजारी, भिंतीकडे तोंड करून! आतला मूर्खपणा दारातून ऐकू येत होता.

१९ फेब्रुवारी
इथला भट्टीमास्तर महाबिलंदर. जेवताना मुद्दाम एकेक तापमान पुटपुटतो आणि माझा चेहरा न्याहाळतो. आज एक आकडा इतका अडाणी होता की माझी भुवई उडाली.
“बास, म्हणजे हे नाही!” पठ्ठ्याने कागदावर चक्क फुली मारली. “मॅडम, तुम्ही काही बोलला नाहीत, आम्ही काही ऐकलं नाही!”
सगळे खिदळले. मी डबा झाकून उठले. यापुढे मोटारीत बसून जेवणार.

२० फेब्रुवारी
आरशासमोर कोऱ्या चेहऱ्याचा सराव. जमत नाही. चूक ऐकून स्वस्थ बसण्याचे शिक्षण मी कधी घेतलेच नाही.

२७ फेब्रुवारी
मालक — “बाहेर उभं राहायचा पगार देतोय का मी? मार्चअखेरपर्यंत तडे थांबले नाहीत, तर तुमचा मार्ग वेगळा.”
दादाला फोन केला.
“परत ये की, पंडितीण. तुझी खुर्ची तशीच आहे.”
“तुझ्या हाताखाली?”
“मग काय डोक्यावर बसवू?”
फोन आपटला. तिकडे गेले तर मिंधी, इकडे राहिले तर मुकी.

९ मार्च
वहिनीचा फोन, कौतुकाने ओथंबलेला. “ह्यांनी प्रदर्शनासाठी व्हिडिओ केलाय. काय रुबाबदार दिसतायत, बघ तरी!”
पाहिला. दादा नव्या कोटात भट्टीपाशी. मागे भट्टीचे दार, तापमानाचा फलक, त्यावरचे आकडे आणि वेळा — सगळे लख्ख! वर हसून म्हणतो, “हेच आमचं गुपित, बरं का!” आजच टाकलेला. पाहणारे अजून मूठभर, बहुधा आमचेच नातेवाईक.
पोत्यांवरची नावे वर्षानुवर्षे मी खरवडून काढली, ती यासाठी?
पण वाट ती हीच. हा पुरावा वकीलबाईंच्या हाती दिला की मी सुटले! चार दिवस तो असाच राहू दे, सगळे जग पाहू दे. मग मी बैठकीत खुर्चीवर बसेन आणि बोलेन. वकीलबाईंचा नंबर काढला.

१० मार्च
नंबर दादाचा लावला. “आत्ताच्या आत्ता काढून टाक तो व्हिडिओ! आणि ज्यांनी पाहिलंय त्यांच्याकडून लेखी हमी घे — वहिनीकडूनसुद्धा!”
त्याने काढला. वकीलबाईंना काही कळवलेले नाही. बैठकीत विषय निघण्याआधीच मी उठून बाहेर आले.