ब्रिजेट डफींचे वगळलेले प्रकरण

मी, दादाराव तुकाराम गजभिये, वय अठ्ठावन्न, मूळ नागपूरचा, राहणार वेस्ट विंडसर, न्यू जर्सी, हे मृत्युपत्र स्वखुशीने व शुद्धीवर लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, मन नाही. सोमवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे आणि तीन दिवसांत मी एका खुर्चीत दहा मिनिटे बसलेलो नाही.

१. घर, गाडी व बँकेतील शिल्लक माझी एकुलती मुलगी दीपा हिला द्यावी.

२. आयरिश नाटकांवरची माझी सर्व पुस्तके गावातील वाचनालयाला द्यावीत. ज्या विद्यापीठाने मला डॉक्टरेट दिली, त्याला एकही देऊ नये.

३. तळघरातील खोक्यात माझ्या प्रबंधाचे वगळलेले प्रकरण व चार ध्वनिफिती आहेत. त्यांतील आवाज डब्लिनहून येऊन इथे ट्रेंटनला स्थायिक झालेल्या ब्रिजेट डफी यांचा. १९१३ च्या डब्लिनमधील टाळेबंदीत, युनियन सोडत नाही म्हणून बिस्किटांच्या कारखान्याने त्यांना बाहेर काढले. तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. युनियनच्या सभागृहात त्या नाटकांत कामे करू लागल्या. मोठ्या रंगभूमीवर तेव्हा राजे आणि शेतकरी असत. या सभागृहात संप, घरभाडे, बायकांची मजुरी आली. समाजवाद त्यांना पुस्तकातून नव्हे, भूमिका पाठ करताना कळला. "आधी देश की आधी भाकरी, यावर आम्ही तालमीतच भांडायचो," त्या सांगत. माझे वडील गिरणी कामगार, आंबेडकरी जलशात ढोलकी वाजवायचे. त्यामुळे मला हे समजावून सांगावे लागले नाही.

मार्गदर्शक म्हणाले, "हे राजकारण आहे, साहित्य नव्हे. काढून टाका." मी काढले. १९६७ साली प्रबंधाचे पुस्तक निघाले. ते घेऊन ब्रिजेटबाईंकडे गेलो. चष्मा लावून त्यांनी नावांची सूची वरून खाली बोटाने तपासली. मग पुन्हा.

"माझं नाव कुठाय?"

"पुढच्या पुस्तकात," मी म्हणालो. पुढचे पुस्तक नव्हते. दोन महिन्यांनी त्या वारल्या.

गेल्या रविवारी दीपाने ते प्रकरण वाचले. "बाबा, व्हाय डिड यू कट धिस? हाच तर जिवंत भाग आहे!" मी नुसताच येरझारा घालत राहिलो.

तरी खोके दीपाला द्यावे. तिने प्रकरण छापावे, मुखपृष्ठावर ब्रिजेट डफी यांचे नाव आधी, माझे नंतर. मी मारलेली थाप प्रस्तावनेत जशीच्या तशी लिहावी. माझी बाजू सावरू नये.

४. माझा टाइपरायटर मित्र अनिल यास द्यावा. "यार, आधी डिग्री घे, मग हवं ते लिही," असे तो तेव्हा म्हणाला होता. त्यावरून मी एकोणीस वर्षे त्याच्याशी धड बोललो नाही. पाने मी स्वतः काढली होती.

५. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात करावा. भाषणे नकोत.

६. सोमवारनंतर मी जगलो, तर कलम तीन माझ्या मरणाची वाट न पाहता लागू करावे. मी "पुढच्या वर्षी बघू" म्हणालो, तर दीपाने ऐकू नये.

वरील मजकूर माझ्या हस्ताक्षरात असून मी तो उभ्याने वाचून पाहिला आहे.

सही: दादाराव तुकाराम गजभिये

आमच्यादेखत सही झाली:
१. गुरुदत्त सबनीस, शेजारी
२. सुनेत्रा सबनीस, शेजारी

वेस्ट विंडसर, शुक्रवार, १२ सप्टेंबर १९८६