वीतभर दांडा

गुरुवार, ४ मार्च १९४३

दोनशे कुदळ्या करायच्या. दांडा वीतभर, एक बोटही जास्त नको — काकासाहेबांचा हुकूम. कारखान्याच्या ऊसमळ्याचे मॅनेजर ते, मी सुतार. तरी बोललो, ‘एवढ्या दांड्यानं बाईला बसता येणार नाही आणि उभंही राहता येणार नाही.’

‘तेच पाहिजे, कृपादान. खुरपं दिलं की बाया बसतात, बसल्या की बोलतात. कंबरेत वाकलेली बाई बांधावरून दिसते. सरळ झाली की तीही दिसते.’

नगरला मिशनच्या वर्कशॉपात शिकलो की दांडा माणसाच्या उंचीला बेतायचा. दहा वर्षांची विद्या आज चुलीत घातली. हाताला कुसळ लागू नये म्हणून काचकागद मात्र मारला. केवढे हे उपकार!

सोमवार, ८ मार्च

कुदळ्या वाटल्या. ‘अमेरिकेत अशीच वापरतात,’ काकासाहेब बायांना म्हणाले. माझ्या बायकोच्या, हन्नाच्या हातातही माझीच. संध्याकाळी घरी आली ती भिंतीला धरून. चूल मी पेटवली. म्हणाली, ‘दांडा गुळगुळीत हाय.’ टोमणा होता की कौतुक, कळलं नाही. विचारलंही नाही.

बुधवार, १० मार्च

बाया शेतात गात नाहीत. भागूबाई, त्यांची मुकादमीण, म्हणते — वाकल्यावर दम पुरत न्हाई.

रविवार, १४ मार्च

चर्चहून परत येताना गोठ्यावर गेलो. दिलावरचाचा मळ्याचे बैल सांभाळतात. घोडेगावचे. तरुणपणी मुंबईहून जहाजावर खलाशी म्हणून गेले आणि अमेरिकेच्या बंदरात उतरून पळाले. कॅलिफोर्नियात पंधरा वर्षं मजुरी केली. कुदळी हातात घेतली, लगेच खाली ठेवली. ‘हीच,’ म्हणाले. मग पुन्हा ती सगळी कथा.

साखरेच्या बीटाचे मळे. कामाला मेक्सिकोची माणसं. ‘आक्खी कुटुंबं ट्रकात, चूल-गादीसकट. असल्याच आखूड कुदळीनं वाकून बीट विरळायचं, मग द्राक्षं, मग कापूस. पीक सरलं की गाव सोडायचं. न्हावी त्यांची दाढी करत न्हाई, माझीबी न्हाई. मग आमी एकमेकांची केली.’ त्यांच्यातलीच लुसिया. तिथं वेगळ्या रंगाच्यांची लग्नं लागत नसत; लग्नाच्या कचेरीत कारकुनानं दोघांचा रंग एकच लिहिला आणि मोकळा झाला.

पुढे मंदी आली. काल हवे होते ते परके झाले. चाचा दुसऱ्या गावी द्राक्षं तोडायला गेलेले. परतले तर खोपट रिकामं. बायकोला तिच्या माणसांबरोबर रेल्वेत घालून सरहद्दीपार केलं होतं. ‘ती तिथंच जन्मलेली, मिस्त्री. मेक्सिको तिनं बघितलंबी नव्हतं.’ दोन वर्षं शोधली. मिळाली नाही.

चाचांची कंबर त्या मळ्यांपासून वाकलेली आहे. लोक समजतात, वयानं.

बुधवार, १७ मार्च

पाद्रीसाहेबांच्या बंगल्यावरचा इंग्रजी पेपर मिळाला. लढाईमुळे तिकडे हात कमी पडतात, म्हणून अमेरिका मेक्सिकोच्या गड्यांना पुन्हा रेल्वे भरभरून बोलावते आहे. चाचांना वाचून दाखवला.

‘बायकांला?’

‘नाही. फक्त गडी. करार संपला की परत.’

ते बैलाच्या गळ्याखाली खाजवत राहिले. मी पेपर घडी करून खिशात घातला. कशाला वाचला, असं झालं.

शनिवार, २० मार्च

आज मळ्यात बायांचा राग फुटला. दोघी बाया वाफ्यातच आडव्या पडल्या. भागूबाई गोठ्यावर गेली आणि सगळ्यांदेखत चाचांना बोलली, ‘आमेरिकेला तूच एकटा गेल्ता. तूच सायबाला ही अक्कल दिली. आमच्या हाडांवर आपली भाकर भाजलीस व्हय?’

चाचांनी बैलांना वैरण टाकली. म्हातारा माणूस, तोंडाला कुलूप.

हन्ना दर शनिवारी त्यांना कालवण पाठवते. आज नाही पाठवलं. मला वाढताना म्हणाली, ‘कीड लागो त्याच्या जिभेला.’ मी जेवलो. रस्सा चांगला झाला होता.

सोमवार, २२ मार्च

मला पक्की खोली मिळाली. काम वेळेत दिलं म्हणून. हन्ना खूश. मी कुणावर चिडलो आहे कळत नाही. काकासाहेबांवर, बायांवर, चाचांच्या त्या मुक्या तोंडावर. एकदा तरी ‘मी नव्हे’ म्हणायचं!

गुरुवार, २५ मार्च

चाचांचा घडा बायांनी पाणवठ्यावरून उचलून बाहेर ठेवला. आमच्या बापजाद्यांचे घडे असेच बाहेर असायचे. आज आमच्यातल्याही दोघी त्यात होत्या. एक हन्ना.

शुक्रवार, २६ मार्च

दिलावरचाचा मळा सोडून गेले. घोडेगावला पुतण्याकडे जातो म्हणाले. पुतण्या ठेवून घेईल असं वाटत नाही. बैलांना सकाळी कुणीच पाणी दाखवलं नव्हतं, मी दाखवलं.

शनिवार, २७ मार्च

काल अर्धंच लिहिलं. जाताना ते वर्कशॉपच्या दारात थांबले होते. म्हणाले, ‘मिस्त्री, लुसियाचं, त्या कुदळीचं — हितं मी तुला एकट्यालाच सांगितलं हुतं.’ आवाज चढवला नाही. गेले.

काकासाहेबांना मीच सांगितलं. फेब्रुवारीत, त्यांचं टेबल दुरुस्त करताना. त्या लोकांची त्यांना कीव येईल असं वाटलं, आणि मलाही जगाची माहिती आहे हे दिसेल. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं — दांडा केवढा?

मी हात पुढे केला आणि वीत दाखवली.