साडेचार की साडेपाच

पिंपळगाव रेणुकाई,
सोमवार

प्रिय अंगद,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, बापूंच्या छर्ऱ्याच्या बंदुकीची स्प्रिंग पार गेली. नवीन बंदूक घेऊन राह्यलो. साडेचारची घेऊ का साडेपाचची? तुझ्याएवढे ससे कोणी साफ केलेत?" मी विचार करून सांगते म्हणाले. मागे अर्पिताच्या बांगड्या वाजत होत्या, म्हणजे फोन स्पीकरवर होता. प्रश्न मला होता, पण ऐकवायचा तिला होता, एवढं मला कळतं. म्हणून उत्तर फोनवर दिलं नाही. हे पत्र तुझ्या नवीन जालन्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे. बियाण्याच्या पाकिटांमध्ये बसून निवांत वाच. पंचवीस वर्षं अंगणवाडीत लिहिण्याचंच काम केलं, तेव्हा अक्षर लागायला हरकत नाही.

आधी छर्ऱ्याचं सांगते. साडेचार मिलिमीटरचा छर्रा बारीक असतो आणि सरळ जातो. तित्तराला तोच बरा. तित्तर असतं एवढंसं, त्याला साडेपाचचा बसला की छाती फाटते, आणि छाती सोडली तर त्याच्यात खाण्यासारखं असतं काय? सशाचं वेगळं. साडेचारचा कानाखाली बसला तर ससा जागेवर पडतो. पोटात बसला तर पळून जातो आणि कुठल्या तरी बोरीखाली दोन दिवस मरत पडतो. साडेपाचचा पोटात बसला तर तो फार लांब जात नाही. म्हणजे नेम पक्का असेल तर साडेचार, आणि नेम कच्चा असून मनात थोडी दया असेल तर साडेपाच. साडेपाचला लायसन लागतं हे दुकानदार सांगेलच. फॉरेस्टवाल्यांना मात्र छर्रा कितीचा याच्याशी काही देणंघेणं नसतं. ससा सापडला की ते माणूस उचलतात.

हे मला तुझ्या बापूंनी शिकवलं नाही. मी ते सशांकडून शिकले. घरात देवी, म्हणून रविवारची शिकार गोठ्यामागे तीन दगडांच्या चुलीवर शिजायची. ते ससा आणून माझ्यापुढे टाकायचे आणि ओट्यावर बसून लोकांना सांगायचे, कसा उठला, कसा पळाला, कसा टिपला. लग्नानंतर पहिली काही वर्षं ते खरंच टिपायचे. कातडं सोडवलं की भोकाभोवती तळहाताएवढं काळंनिळं रक्त साकळलेलं दिसायचं. त्या दिवसांत मी माझ्या हिरव्या लुगड्याचे काठ उसवून त्यांच्या बंदुकीला पट्टा शिवून दिला होता. मला त्यांचा फार अभिमान होता, हे लिहायला आता लाज वाटते, पण होता.

तू बालवाडीत होतास तेव्हाची गोष्ट. एका रविवारी ससा आला आणि त्याचं भोक कोरडं होतं. टोच्यानं पुठ्ठ्याला पाडावं तसं. आजूबाजूचं मांस स्वच्छ गुलाबी. आणि गळ्याला, केसांच्या खाली, तारेएवढी काळी रेघ. पुढच्या रविवारीही तसंच. मग मी एक केलं. एकदा कोंबडा कापलेला होता. बापू जेवणाआधी जरा आडवे झाले होते. मी बंदुकीची नळी खाली वाकवून छर्रा भरला, त्यांना शंभरदा भरताना पाहिलं होतं, आणि तीन हातांवरून त्या मेलेल्या कोंबड्याला मारला. कातडं काढून पाहिलं तर तेच कोरडं भोक. मेलेल्याला जखम होत नाही रे, नुसतं छिद्र पडतं. म्हणजे ससा कोणीतरी फास लावून धरायचा, बापू तो विकत घ्यायचे आणि बांधाआड नेऊन त्याला छर्रा मारायचे. मी गोठ्यात बसून तोंडाला पदर लावून हसले. नेम गेलेला माणूस बायकोपुढे नाक वर राहावं म्हणून एवढा खटाटोप करतो, याचं मला कौतुकच वाटलं. खरं सांगते, त्या दिवशी ते मला जास्त आवडले.

मग श्रावण आला. श्रावणात आपल्या घरात मांसाचं नाव निघत नाही. तरी रविवारी ते बंदूक खांद्याला लावून निघाले. म्हणे, "हात बसून जातो ना, सवय ठिवावी लागते बराबर." तेव्हा माझं हसू थांबलं.

त्याच सालात टेंभुर्णीला मावशीच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, रविवारी दुपारी. गल्लीतून जाताना एका घराच्या ओसरीवर खुंटीला बंदूक दिसली. हिरव्या काठाचा पट्टा. मी दारात उभी राहिले आणि पाणी मागितलं. बाई माझ्याच वयाची होती, हसरी. म्हणाली, "कुठून आल्त्या बाई? बसा की, ऊन लई हाय. जरा हळू बोला, मालक निजलेत." आतून खोकला आला. तो खोकला मी रोज रात्री ऐकत होते. मी पाणी प्यायले, गोड आहे म्हणाले आणि निघाले. तिचं नाव उषाबाई, ते मावशीकडे कळलं. संध्याकाळी बापू ससा घेऊन आले. मी तो साफ केला, शिजवला आणि वाढला.

मी गप्प का बसले, असं तुला वाटेल. भ्याले म्हणून. माहेरी भावजयीचं राज्य होतं आणि तू माझ्या पदराला धरून होतास. पुढे भीती गेली, पण तोवर मला दुसरीच गोडी लागली होती. तुझ्या बापूंची डावी दाढ छर्ऱ्यानं तुटली, ही गोष्ट तू मित्रांना रंगवून सांगतोस. ती दाढ मी तोडली. मांसातला छर्रा मी कधीच राहू दिला नव्हता, माझा हात साफ. मी एक छर्रा जपून ठेवला होता, चपटा झालेला. तो धुऊन दर रविवारी त्यांच्या वाटीत टाकायचे. चार रविवार मी समोर बसून त्यांचा घास बघत होते. चौथ्याला दाढ गेली. पाचव्या रविवारी त्यांनी तोच छर्रा तोंडातून काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, अजून वाढू? त्यानंतर तेवीस वर्षं ते माझ्या हातचं सावकाश चावून जेवले. मी रोज टाकत नव्हते. वर्षातून दोनदा पुरायचं. शेवटच्या आजारात खिचडी भरवताना सुद्धा ते आधी बोटानं चाचपून बघायचे. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

आता तुझं. दिवाळीला तुम्ही दोघं आलात, दुसऱ्या दिवशी तू पहाटे बापूंची बंदूक घेऊन गेलास आणि ससा आणलास. ओट्यावर सांगत होतास, शंभर फुटांवरून घेतला. मी गोठ्यामागे कातडं सोडवलं. कोरडं भोक. गळ्याला तारेची रेघ. अंगद, बापूंच्या दहाव्यालाही मी रडले नव्हते, ती त्या चुलीपाशी रडले. ही युक्ती कोणाला आपल्या मनानं सुचत नाही, ती बघितलेली असावी लागते. अकरावीपासून तू त्यांच्याबरोबर जायचास. म्हणजे ती खुंटी तुला माहीत होती. त्या ओसरीवर तूही पाणी प्यायलास, आणि घरी येऊन माझ्यासमोर बसून, आई रस्सा झकास झालाय म्हणालास. नवऱ्याचा राग मला कधीच जुना झाला. हा ताजा आहे. तुझी रविवारची कोण आहे, मी विचारत नाही.

हे पत्र तुला साडेचार-साडेपाच सांगायला लिहिलेलं नाही. त्या दिवशी अर्पिता गोठ्यामागे येऊन माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "आई, मलाबी शिकवा ना, घरी दर रविवारी ससा येतो, मला साफ करायला जमतच न्हाई." मी तिला शिकवलं. कातडं कसं सोडवायचं, भोक कसं बघायचं. "याला रक्त कसं न्हाई आई?" तिनं विचारलं. मी म्हणाले, पुढचा तू स्वतः साफ कर, त्याला आहे का बघ आणि मला सांग. याहून एक शब्द बोलले नाही. पोरीला दिवस गेलेत, हे तिनं तुला अजून सांगितलं नसेल, मला सांगितलं. दिवाळीला सासूनं सुनेला काहीतरी द्यायचं असतं, तर जाताना मी तिला एक डबी दिली. त्यात तो चपटा छर्रा आहे. कशाचा आहे, कशासाठी आहे, ते तिला ठाऊक नाही. तू रविवारी घरी बसायला लागलास तर मी तिला कधीच सांगणार नाही, हा माझा शब्द. आणि नसेल बसायचं, तर तुला आवडेल ती बंदूक घे, पण रविवारी जेवताना सावकाश चाव.

तुझीच, आणि आता अर्पिताचीही,
आई