भेट देणाऱ्यांची यादी

बाई,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एका ओळीचंही पत्र लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हासुद्धा नाताळला एखादं कार्ड पाठवायचो, तेही आईने चारदा आठवण केली तर. आज लिहायला बसलोय, कारण जे झालं ते इथे कुणाला सांगण्यासारखं नाही आणि ते ऐकून माझा कान धरण्याचा हक्क ज्यांना होता त्यांच्यापैकी तुमचाच आवाज मला अजून नीट आठवतो. मी जर्मनीत आहे, वोल्फ्सबुर्गला. मोटारींचे सुटे भाग तपासतो. भाग ठरलेल्या मापात बसतो की नाही ते पाहायचं, नाही बसला तर बाजूला काढायचा. बायको आहे, दोन मुलं आहेत, मुलं मराठीत विचारलेल्याचं उत्तर जर्मनमध्ये देतात. रविवारी दुपारी आम्ही चाळीसेक भारतीय, त्यात निम्मेअधिक आपल्याकडचे, एका जर्मन चर्चचा हॉल मागून घेऊन उपासना करतो. पाळक महिन्यातून एकदा हॅनोव्हरहून येतात. बाकीचे रविवार आमचे आम्ही निभावतो, आणि ती निभावण्याची व्यवस्था माझ्याकडे आहे.

तीनेक वर्षांपूर्वी पाळक म्हणाले, प्रत्येकाला देवाने काही ना काही कृपादान दिलेलं असतं, ते कोणतं हे ओळखायला लोकांना मदत करा आणि त्याप्रमाणे प्रत्येकाला सेवेची जागा द्या. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्याने चार लोकांना चहाला बोलावलं असतं. मी फॉर्म केला. साठ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, शेवटी बेरीज, आणि बेरजेप्रमाणे आपोआप रंग बदलणारे रकाने: शिकवणं, पाहुणचार, व्यवस्था, दया, असे. लोकांनी हौसेने भरले. ज्या बाईंच्या घरी जेवायला जायचं म्हणजे आधी घरी पोटभर खाऊन निघावं लागतं त्यांना पाहुणचारात सर्वांत जास्त गुण पडले, कारण गुण त्यांनीच स्वतःला दिले होते. एक जण सुरात कधी सापडला नाही, तो गायनात पहिला. आम्ही पुष्कळ हसलो. व्यवस्थेत मी पहिला आलो हे सांगायला नको.

तेव्हा तुमची आठवण आली नाही असं नाही. आली, आणि मी ती बाजूला सारली. आपल्या गावच्या मंडळीची कामं तुम्ही पाहायचात, आणि माणसाला काम द्यायच्या आधी त्याच्या घरी एकदा जेवून यायचात. मी कॉलेजात होतो, कापणीच्या सणाची कामं वाटून देण्यात तुम्हाला मदत करत होतो, आणि तुमचा हा जेवणावळींचा दौरा मला वेळेचा निव्वळ अपव्यय वाटायचा. म्हणून एका दुपारी मी सगळ्यांची नावं आणि कामं लिहून कागद तुमच्यापुढे ठेवला. वरच्या आळीतली ती विधवा, जिचा नवरा पावसाळ्यात विहिरीत पडून गेला होता, तिला मी आजाऱ्यांच्या प्रार्थनेला लावलं होतं. तुम्ही मला घेऊन सरळ तिच्या घरी गेलात. ती चुलीपाशी भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून तिला वांग्यांचा भाव विचारताय, आणि ती भाजीवाल्याची अशी काही फजिती सांगतेय की मला ठसका लागतोय. बाहेर आल्यावर तुम्ही फाटकाजवळ थांबलात. म्हणालात, "तिला दुःख कळतं म्हणून तिच्या डोक्यावर आणखी दुसऱ्यांचं ठेवायचं का रे? गाढवा, तिला लिलावाला उभी कर." त्या वर्षी कापणीच्या अर्पणात आलेल्या भोपळ्यांचा लिलाव तिने पुकारला. असा लिलाव आपल्या देवळाच्या आवारात पुन्हा झाला नाही. मी तेव्हा शिकलो असं मला वाटलं होतं.

आमच्या मंडळीत एक काका होते. आपल्याच जिल्ह्यातले, तीस वर्षांपूर्वी इकडे आलेले, कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. फॉर्म भरायच्या वर्षभर आधी काकू गेल्या. अकरा महिने इथल्या हॉस्पिटलच्या पाचव्या मजल्यावर त्यांचं येणं-जाणं चाललं होतं, आणि काका रोज त्यांच्या उशाशी. मुलगी हॅम्बर्गला नोकरीला, चर्चशी तिचा संबंध उरला नव्हता. दुसऱ्याचं दुःख पाहून मला स्वस्थ बसवत नाही, या प्रश्नाला काकांनी तीन गुण लिहिले. आजाऱ्याजवळ मी तासन्‌तास बसू शकतो, यालाही तीन. दयेच्या रकान्यात त्यांच्या आसपास कुणी नव्हतं. त्याच सुमारास आमच्यातले एक गृहस्थ त्या पाचव्या मजल्यावर दाखल झाले आणि मी काकांना सांगितलं, दर गुरुवारी तुम्ही जा.

"त्याच मजल्यावर का?" त्यांनी विचारलं.

"हो काका. तुम्हाला वाटही माहीत आहे, सोपं पडेल."

मी हे बोललो, बाई. मला ते त्या क्षणी सोयीचंच वाटलं. "आल्झो, बरं तर, जातो," काका म्हणाले. आपल्या लोकांना मंडळीचं काम नाकारता येत नाही, हे मला माहीत नव्हतं का? देवाचं काम म्हणून सांगितलं की मोडलेल्या पायानेही उभी राहणारी माणसं आपली. माझ्या फॉर्ममध्ये साठ प्रश्न होते, पण हे तुम्हाला झेपेल का, हा नव्हता.

दोन वर्षं ते गेले. ते गृहस्थ वारले, मग दुसऱ्या एक आजी दाखल झाल्या, त्यांच्याकडे गेले. एका गुरुवारी मी दाताच्या डॉक्टरकडे निघालो होतो. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये काकांची गाडी दिसते. ते आत बसलेत, दोन्ही हात स्टिअरिंगवर, इंजिन बंद. पाऊण तासाने मी परत येतो तेव्हाही ते तसेच बसलेत. मला वाटलं, वर जायच्या आधी प्रार्थना करताहेत. मी इतका भारावलो की रविवारी हे सगळ्यांना सांगितलं, अशी तयारी करून सेवेला जायला हवं म्हणून. काका तिसऱ्या रांगेत मान खाली घालून ऐकत होते. त्यांना वर जाववत नव्हतं, हे मला आता कळतं.

गेल्या नोव्हेंबरात त्यांचा निरोप आला. मी मीटिंगमध्ये होतो. "तब्येत जरा बरी नाही. काही दिवस दुसऱ्या कुणाला पाठवाल का?" मी टेबलाखाली फोन धरून उत्तर लिहिलं, "काका, तुमच्या जागी कोण जाईल ते तुम्हीच सुचवा, म्हणजे यादी बदलता येईल." पुढे हात जोडलेलं चित्र. त्यांचं उत्तर आलं, "बरं." त्यानंतर ते तीन रविवार आले नाहीत आणि मी त्यांच्या नावापुढे तीनदा 'रजा' लिहिलं. माझ्या यादीत दोन रकाने होते, भेट देणारे आणि भेट हवी असणारे. एकच माणूस दोन्हीकडे असू शकेल हे मला सुचलंच नाही. लोकांनीही विचारलं नाही. काकांची चौकशी करायची म्हणजे काय, चौकशी करणारेच तर ते.

चौथ्या आठवड्यात मुलीचा फोन आला, काका गेले. स्वादुपिंडाचा कॅन्सर, फार उशिरा कळलेला. शेवटचे सोळा दिवस ते त्याच पाचव्या मजल्यावर होते. आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटं. त्या सोळा दिवसांत आमच्यापैकी कुणीही गेलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं, आणि ज्याला त्यांनी त्यातल्या त्यात कळवलं होतं त्याने यादीची चौकशी केली.

दफनाला मीच बोललो. काकांना दयेचं कृपादान होतं, असं मी त्या ओल्या थंडीत उभा राहून सगळ्यांना सांगितलं. संपल्यावर मुलगी माझ्याकडे आली. तिला मराठी कळतं, पण बोलते जर्मनच. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "डांके. पापा फोनवर सांगायचे, सोमवार ते शुक्रवार चर्चमधून रोज कुणीतरी येतं, तू सुट्टी काढू नकोस. मला शनिवार-रविवारच जमायचं. तुम्ही होतात म्हणून मला धीर होता."

काकांनी तिला खोटं सांगितलं होतं. तिची नोकरी नवी होती, तिला त्रास नको म्हणून सांगितलं असेल. की आमची लाज राखली? मला खरंच कळत नाही. मागे बायको उभी होती, पाळक उभे होते, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला तो "बिट्टे." असू द्या, आभार कसले, अशा अर्थाचा.

तेवढ्यावर मिटलं असतं तर मी तुम्हाला हे लिहिलं नसतं, इतका मी चांगला नाही. पण जानेवारीत ती हॅम्बर्गहून बदली घेऊन आली, वडिलांच्या घरात राहू लागली, आणि गेल्या रविवारी उपासनेला येऊन शेवटच्या रांगेत बसली. नंतर मी खुर्च्या रचत होतो तिथे आली. म्हणाली, "ओंकेल, माझा देवावर कितपत विश्वास आहे मला माहीत नाही. पण पापांजवळ तुम्ही लोक जसे बसलात, तसं मला कुणाजवळ तरी बसायचंय. मला चालेल असं काम तुमच्याकडे आहे का?" तिच्या चेहऱ्यावर काकांचंच ते संकोचलेलं हसू होतं. माझ्या मनात आलं, तुम्ही असतात तर आधी तिच्याकडे जेवायला गेला असतात. आणि लगेच हेही आलं, की तिच्या स्वयंपाकघरात बसून जेवायची माझी छाती होणार नाही.

मी सांगितलं, आहे. फॉर्म भरायला लावला नाही, तेवढं तरी केलं असं स्वतःला सांगतो. आमच्यातल्या एक आजी सध्या हॉस्पिटलमध्ये आहेत, दुसऱ्या मजल्यावर. परवा तिची पहिली भेट आहे आणि तिच्याकडे अजून गाडी नाही, म्हणून मी तिला सोडणार आहे. जायला दहा मिनिटं, यायला दहा मिनिटं, गाडीत आम्ही दोघंच. बायकोला यातलं काही माहीत नाही, पाळकांनाही नाही. काकांचा तो निरोप आणि माझं उत्तर अजून फोनमध्ये आहे.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. त्या वीस मिनिटांत तिला खरं सांगायचं मी ठरवलेलं नाही. उलट, आज दुपारी बसून, गाडीत तिच्याशी कशाकशाबद्दल बोलता येईल याची एक यादी केली आहे.