पडद्यामागचा क्रमांक तीन

११ जानेवारी २०२५, शनिवार
ठराव झाला. डबल बासच्या पहिल्या खुर्चीसाठी, म्हणजे प्रमुख वादकाच्या जागेसाठी, सर्वांनी पुन्हा चाचणी द्यायची. इंदूनेही! सव्वीस वर्षे ती खुर्ची माझ्या पत्नीची आहे. आमच्या ऑर्केस्ट्रात तिच्याआधी एकही स्त्री हे पुरुषभर उंचीचे तंतुवाद्य घेऊन उभी राहिली नव्हती.
तक्रार कोणाकडे करू? सचिव या नात्याने नियम मीच लिहिले. वादक पडद्याआड; खाली गालिचा, म्हणजे पावलांवरून स्त्री-पुरुष कळू नये; वाद्य सर्वांना एकच. परीक्षक दोन. मते समान पडल्यास सचिवाचे मत निर्णायक.
इंदू म्हणाली, "छान केलंस की! माझ्या वेळी पडदा असता, तर 'बेटी, वायोलिन क्यों नहीं सीखती?' हे तरी ऐकावं लागलं नसतं."

१७ जानेवारी
देविकानेही अर्ज केला आहे. अकराव्या वर्षापासून ती इंदूकडे शिकते. तेव्हा आम्ही दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो. वाद्य तिच्याहून उंच होते. आज दारातच थबकली. "मॅम, तुम्ही नको म्हणालात तर नाव काढून घेते. बिल्कुल!"
"वेडी आहेस का, यार? आत ये. दुसऱ्या ओळीत गज घसरतोय तुझा."
दोन तास शिकवले! मला राग आला. कोणावर, ते ठरवता येत नाही.

२३ जानेवारी
इंदूच्या डाव्या करंगळीला पट्टी. सराव बंद दाराआड. मला आत येऊ देत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
सहा उमेदवार. तिसऱ्याने सुरुवातीपूर्वी नाकाने एक छोटा श्वास घेतला. एकोणतीस वर्षे हा श्वास मी शेजारच्या खोलीतून ऐकतो आहे! गज फिरवण्याची ढबही तीच — जड, शांत. पाचवा अनोळखी. सूर भलत्याच वाटेने गाठत होता. पण काय वाजवले!
एक मत तीनला, एक पाचला. संचालक मानस सर म्हणाले, "श्यामजी, अब आप ही बताइए."
ओळख पटली आहे, असे सांगून मी उठायला हवे होते. पाच सरस होता, हेही मला स्वच्छ कळत होते.
मी म्हणालो, "तीन."
आवाज कापलासुद्धा नाही.

३ फेब्रुवारी
लिफाफे उघडले. तीन — देविका. पाच — इंदुमती.
करंगळी वगळून, उरलेल्या बोटांनी वाजवायची नवी रीत तिने बंद दाराआड बसवली होती. आणि श्वास? तो तिने चौदा वर्षांत देविकाला शिकवला असणार.
निवडपत्रावर सही माझी.

४ फेब्रुवारी
निर्णायक मत कोणाचे, ते मानस सरांनी इंदूला सांगितले. रात्री जेवताना तिने माझा हात धरला. "मला ओळखूनसुद्धा मत दिलं नाहीस ना! दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, श्याम."
मी तिची चूक दुरुस्त केली नाही.