आंब्यावर बांधलेली घरटी

मसाका, १२ मार्च १९८७

चि. कासुले यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळताच हातातला रंधा खाली ठेव. आपल्या आंब्यावरचे पिवळे सुगरण पक्षी चार दिवसांपासून गायब आहेत, आणि चूक माझी. घरट्यांत साप शिरून अंडी खात होता. मी केळीची ओली पानं पेटवून धूर केला, वर काठीही चालवली. साप गेला, पाच घरटी खाली आली आणि पाखरंही गेली.

नामुलीची आत्या शनिवारी, २१ तारखेला, आपल्या अंगणातलं तुझं नवं घर बघायला येणार. लग्नाचा होकार-नकार तिच्याच तोंडी. मागे तिने बजावलं होतं, की सुगरण नांदतात त्याच अंगणात आपली पोर देईन. तू नामुलीच्या शब्दावरून खिडकी दोनदा हलवलीस, अगदी सुगरण नरासारखंच केलंस; मादीने नाक मुरडलं की तोही घरटं उसवून पुन्हा विणतो. ते सगळं माझ्या धुरात जायचं. मला अन्न गोड लागत नाही. काय करू, लगेच कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई, नाबुकेन्या

कंपाला, १६ मार्च

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

रागावलो नाही, पण फार घाबरलोय. आत्यापुढे नामुलीचंही काही चालत नाही. पडलेली घरटी फेकली नसलीस तर सुतळीने फांदीला बांध. आत्याबाईंना लांबचं कमी दिसतं. पाखरं चरायला गेलीत म्हण आणि कच्च्या केळ्यांचे मटोके भरपूर शिजव, म्हणजे लक्ष ताटात राहील. मला सुट्टी नाही. सगळी भिस्त तुझ्यावर. आशीर्वाद असू द्यावा.

तुझा कासुले

मसाका, २२ मार्च

चि. कासुले यास अनेक आशीर्वाद.

काल आत्याबाई आल्या. मी गुडघे टेकून नमस्कार केला, रीतीप्रमाणे चघळायला कॉफीच्या बिया पुढे केल्या. बी दाताखाली धरून त्यांनी आंब्याकडे पाहिलं आणि विचारलं, की इथली पाखरं घराचं दार आभाळाकडे कधीपासून ठेवायला लागली. पाचही घरटी मी उलटी बांधली होती रे. मग साप, धूर, तुझी सुतळी, सगळं सांगून टाकलं. रडूही आलं.

त्यांनी दुसरी बी तोंडात टाकली. मग म्हणाल्या, की भावाच्या संसारासाठी या वयात झाडावर चढणारी नणंद असेल, तर पाखरं नसली तरी पोरीचं भागेल. घरही पाहिलं. खिडकी पुन्हा हलवायला सांगितली आहे, तेव्हा रजा काढून ये.

आज सकाळी एक नर आला. मी बांधलेलं एक घरटं त्याने काडी काडी उपटून खाली टाकलं आणि तिथेच केळीच्या पानाच्या हिरव्या पट्ट्या विणायला घेतल्या. सुतळी तेवढी त्याने ठेवून घेतली आहे. बाकी भेटीत.

तुझी ताई, नाबुकेन्या